काटा सिस्टर

नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी माझे कागद पाहिले, दोन ठिकाणी सह्या घेतल्या आणि म्हणाल्या, "आता खाली जाऊन वजन करून या."

माझी ऐकण्यात चूक झाली असं वाटून मी तशीच उभी राहिले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मठाच्या पडवीत सिस्टर बसल्या आहेत. वजन केल्याशिवाय त्या कुणाला वर्गात जाऊ देत नाहीत. वाद घालू नका, वेळ जातो."

आमची शाळा भिवंडीतल्या एका धर्मभगिनींच्या मठाची होती. शाळेला लागूनच मठाची बैठी इमारत होती. तिच्या पडवीत पूर्वी दवाखाना चालायचा. तो बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण उभं राहून वजन करायचा लोखंडी काटा तिथेच होता, आणि काट्याशेजारी लाकडी खुर्चीत करड्या साडीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक ठेंगण्या सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर जाडजूड वही होती.

"चपला काढ. पर्स खाली ठेव. श्वास सोड." मी श्वास सोडला. "अठ्ठेचाळीस. कुठून येतेस?"

"टेमघरहून."

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"चहा हे खाणं नव्हे," त्या म्हणाल्या आणि वहीत माझ्या नावापुढे आकडा लिहून टाकला. मी काय शिकवते हे त्यांनी विचारलं नाही. मी मराठीची शिक्षिका, हे त्यांना कळलं ते पुढच्या महिन्यात.

मुलं त्यांना 'काटा सिस्टर' म्हणायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या शिक्षकांचं वजन व्हायचं. शिपाई, झाडूवाली मावशी, पत्र घेऊन येणारा पोस्टमन, कुणीही सुटायचं नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करायला येणाऱ्या फादरांनाही त्या मिस्सा संपल्यावर काट्यावर उभं करायच्या. एकदा ईस्टरच्या आधी, चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू असताना, फादरांचा काटा पुढे सरकला. सिस्टरांनी वही मिटली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "फादर, उपवास तुम्ही करताय की तुमचा स्वयंपाकी?"

मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. तिसऱ्या वर्षी माझं मत बदललं. त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. शाळेत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. वेळेवर यायचे, शिकवायचे, हसायचेसुद्धा. पहिल्या सोमवारी काट्यावर उभी राहिले. सिस्टरांनी आकडा पाहिला, मागचं पान उलटून पाहिलं.

"तीन किलो गेले कुठे?"

मी काहीतरी पोटाचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याकडे जेवायचं."

मठाच्या आतल्या भागात बाहेरची माणसं जात नसत. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून थेट स्वयंपाकघरात बसून जेवू लागले. आठवडाभर त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. नुसतं वाढत राहिल्या. भात, वालाचं बिरडं, बोंबील. आठव्या दिवशी मीच सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "मुलगा कसा होता?"

"बरा होता."

"बरा होता ना? मग जेवण सोडण्याइतका नव्हता." आणि वर आणखी एक डाव भात घातला.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या. बोलायच्या ते इतक्या मोठ्याने की नव्या माणसाला त्या भांडताहेत असंच वाटायचं. त्याला कारण होतं. मठाच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. चोवीस माग दिवसभर खडखडायचे. वीस-बावीस वर्षं त्या आवाजावरून बोलून बोलून त्यांचा सूर तिथेच अडकला होता. माग बंद पडले तरी आवाज खाली यायचा नाही. त्या काळात रोज दुपारी लाइट जायची. एका दुपारी मी पडवीत होते आणि चॅपलमध्ये प्रार्थना चालू होती. बाकीच्या तिघी सिस्टर आपापल्या मनात प्रार्थना करत होत्या. काटा सिस्टरांना मनात करता यायची नाही, त्या पुटपुटायच्या, आणि मागांच्या आवाजात ते खपून जायचं. नेमकी तेव्हा लाइट गेली. माग थांबले. आणि सगळ्या गल्लीने ऐकलं, "आणि हे प्रभू, आमच्या सुपिरियरला थोडं हसायला शिकव. तिचा चेहरा बघून दूध नासतं."

कारखान्याचे मालक वयस्कर मोमीन गृहस्थ होते. ते भिंतीपलीकडून ओरडले, "सिस्टरजी! बिजली गई है! पूरा मोहल्ला सुन रहा है!"

"तो आमीन बोलो ना, शेटजी!" सिस्टर उत्तरल्या.

सुपिरियर म्हणजे त्या मठाच्या, त्यांच्या भाषेत 'घराच्या', प्रमुख. त्या केरळच्या होत्या, पंचेचाळिशीच्या. मराठी पुस्तकावरून शिकल्या होत्या, त्यामुळे बोलायच्या छापल्यासारखं. त्या दिवशी चॅपलमधून बाहेर आल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, हे उचित नव्हते." सिस्टरांनी हात जोडले, माफी मागितली. मनापासून मागितली हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच प्रार्थना पुन्हा केली असणार, पण तेव्हा लाइट होती.

घरात एकूण चौघीच. सुपिरियर, मुख्याध्यापिका, नुकतंच व्रत घेतलेली एक तरुण सिस्टर आणि ह्या. पहाटे पाचला घंटा, मग प्रार्थना, कामांची वाटणी, जेवताना वाचन. त्या वाचनात एक जुनी निळी वही असायची. त्यांच्या धर्मभगिनींच्या संघातली जी सिस्टर त्या तारखेला वारली असेल तिची माहिती तरुण सिस्टर वाचून दाखवायची. दोन-तीन ओळी असायच्या. कुठे जन्मली, कुठे सेवा केली, कशी होती. काटा सिस्टरांना त्यातल्या अर्ध्याअधिक ठाऊक होत्या, आणि त्या मेल्या आहेत हे त्यांना फारसं मान्य नव्हतं. बोलायच्या त्या जिवंत असल्यासारख्याच.

एकदा मी स्वयंपाकघरात जेवत असताना शेजारच्या जेवणाच्या खोलीतून वाचन ऐकू आलं, "स्वयंपाकघरात पंधरा वर्षे सेवा. स्वभावाने शांत आणि प्रार्थनाशील."

"शांत?" काटा सिस्टरांचा आवाज. "मला पोळपाट फेकून मारते ती!"

"सिस्टर," सुपिरियर म्हणाल्या.

"सुपिरियर, पोळपाट फेकणारी बाईसुद्धा स्वर्गात जाते, हे या पोरीला कळायला नको? उद्या हिच्या हातून काही फेकलं गेलं तर ती घाबरून बॅग भरेल."

दारातून मला तरुण सिस्टर हसू दाबताना दिसली. सुपिरियर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

त्याच वर्षी वरून, संघाच्या प्रांत कार्यालयातून पत्र आलं. संघ आपला इतिहास छापणार होता. प्रत्येक घराने आपली हकिगत दहा पानांत लिहून पाठवायची, तिथे सेवा केलेल्या प्रत्येक सिस्टरची दोन ओळींत नोंद द्यायची. भिवंडीच्या घराचं जुनं काही आठवणारं माणूस एकच उरलं होतं. काटा सिस्टर व्रत घेतल्यावर पहिल्यांदा इथेच आल्या होत्या, चाळीस वर्षांपूर्वी. मग पाच-सहा गावं फिरून पुन्हा इथे. त्यांनी सांगायचं आणि मराठीची शिक्षिका म्हणून मी लिहायचं, असं सुपिरियरनी ठरवलं.

शाळा सुटल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. त्या तांदूळ निवडायच्या, मी लिहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली. "नुसतं चांगलं लिहायचं नाही. नुसतं चांगलं वाचलं की कुणी ओळखूच येत नाही."

म्हणून मी लिहिलं की एक सिस्टर लोणच्याची बरणी पलंगाखाली लपवायची. एकीला उंदरांची इतकी भीती की ती रोजरीची माळ जपतानाही पाय वर घेऊन बसायची. एक सिस्टर गणित उत्तम शिकवायची आणि मुलांना चिमटेही उत्तम काढायची. सुपिरियर रोज संध्याकाळी पानं वाचायच्या, काही ओळींवर बारीक पेन्सिलीने खूण करायच्या, पण खोडत नसत.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आता लिही. सिस्टर उर्सुला. दवाखाना हिने सुरू केला."

मी शाळेच्या जुन्या नोंदी पाहिल्या होत्या. हे नाव कुठेच नव्हतं. "या कधी वारल्या?" मी विचारलं.

"वारली नाही. गेली."

म्हणजे संघ सोडून गेली. त्या काळी असं कुणी गेलं की तिचं नाव घ्यायचं नाही, पत्र लिहायचं नाही, भेटायचं नाही. नोंदवहीतून पानच जायचं. सिस्टर तांदळातून बोट फिरवत सांगत होत्या. उर्सुला शिकलेली नर्स होती. याच पडवीत एका टेबलावर तिने दवाखाना मांडला. मागवाल्यांच्या बायका यायच्या, खाडीकडच्या गावांतून यायच्या. पण नियम होता की संध्याकाळची घंटा झाल्यावर कोणत्याही सिस्टरने घराबाहेर जायचं नाही. एकदा घंटेनंतर एक माणूस फाटकाशी आला. त्याची बायको अडली होती. उर्सुलाने तेव्हाच्या सुपिरियरकडे परवानगी मागितली. मिळाली नाही. ती पिशवी घेऊन फाटकाच्या आत उभी राहिली आणि तो बाहेर. सकाळी कळलं की बाई गेली आणि मूलही गेलं.

"तिने भांडण केलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "जेवत होती, प्रार्थनेला येत होती, दवाखाना बघत होती. तीन महिने. मग एका पहाटे साधी साडी नेसून मागच्या दाराने बाहेर पडली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत होते. मला ती दिसली. पण मिस्सा होईपर्यंत मौन असायचं. मी हाक मारली नाही."

त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मागांच्या खडखडाटात मला पुढे वाकावं लागलं.

"आता कुठे असतील त्या?"

"पूर्ण्याला," सिस्टर म्हणाल्या.

मी लिहिता लिहिता थांबले. पूर्णा म्हणजे रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. माझी सख्खी आत्या तिथे राहते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वीस वर्षं. मी इथे परत आल्यावर दवाखाना माझ्याकडे आला. पूर्ण्याकडचे पेशंट यायचे, कुणाच्या हाताला, कुणाच्या डोक्याला पट्टी बांधलेली. पट्टीची गाठ मारून टोक आत दुमडलेलं, टोचू नये म्हणून. तशी गाठ आम्हाला व्रत घेण्याआधी एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवली होती. भिवंडीत दुसरं कोण बांधणार? मी विचारायचे, कुणी बांधली? म्हणायचे, आमच्या नर्सबायनं. मी पट्टी सोडायचे, औषध लावायचे, तशीच गाठ मारायचे आणि परत पाठवायचे."

"मग गेला का नाहीत?"

"आधी नियम होता. मग नियमही गेला." त्यांनी ताट उचललं. "लाज वाटत होती. आज एवढं पुरे."

उर्सुलाचं पान सुपिरियरनी वाचलं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सिस्टर, हे मी पाठवू शकत नाही. ज्या गेल्या त्यांची नोंद प्रांताच्या पुस्तकात घेत नाहीत."

"दवाखाना कुणी उघडला मग? मी? मी तर बटाटे सोलत होते."

सुपिरियरनी ते पान पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आणखी एक गोष्ट. त्या बाईंना आपले नाव छापलेले हवे आहे का? आपण विचारले आहे का?"

"म्हणजे मी जाऊन विचारू?"

"जा असे मी म्हटलेले नाही," सुपिरियर म्हणाल्या आणि कागद गोळा करू लागल्या. "जाऊ नका असेही म्हटलेले नाही."

मला वाटलं होतं, सिस्टर दुसऱ्याच दिवशी निघतील. पण त्यांचा गुडघा दुखू लागला. मग चॅपलचे पडदे धुवायचे निघाले. मग मागच्या अंगणातल्या पपईवर कसलीशी कीड आली. पंधरा दिवस गेले. स्वयंपाकघरात त्या मला वाढायच्या आणि स्वतः उगाच चिवडत बसायच्या. सगळ्या दुनियेला काट्यावर चढवणारी ही बाई स्वतः कधी चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एके दिवशी मी त्यांचा हात धरून त्यांना पडवीत नेलं.

"चपला काढा," मी म्हटलं. "श्वास सोडा."

"टीचर, हा चावटपणा आहे."

काट्याचा आकडा मला नीटसा आठवत नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर, फार जुन्या शाईत, त्यांचं स्वतःचं वजन लिहिलेलं होतं, आणि मुख्याध्यापिकांनी सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरकडे नेलं तेव्हाचं वहीत खोचलेल्या कागदावर होतं. त्यानंतर चार किलो गेले होते. मी ते मोठ्याने वाचलं. सिस्टर काट्यावरून उतरल्या, चपला घातल्या.

"रविवारी रिक्षा सांग," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी आम्ही निघालो. पूर्ण्याच्या रस्त्याला तेव्हाच दोन्ही बाजूंनी गोदामं उभी राहायला लागली होती. मोठमोठे ट्रेलर वळत होते आणि आमची रिक्षा त्यांच्यामधून अंग चोरून जात होती. सिस्टर रोजरी हातात घेऊन बसल्या होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हते.

आत्याला मी आधीच निरोप पाठवला होता, ती दारातच होती. "या शिस्टर, या. नर्सबायकडं जायचं नं? चला, मीच नेतंय. माझी तिन्ही पोरं तिच्याच हातची हायत. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलीय."

"घरी कोण कोण असतं त्यांच्या?" मी विचारलं.

"कोन न्हाय गो. लगीन न्हाय, काय न्हाय. पाटलांच्या घरात ऱ्हाते. त्यांची जमीन गोदामात गेली, मंग त्यांनी माडी बांधली. नर्सबायला जिना चढवत न्हाय म्हनून खालची खोली तिच्यासाठी ठेवली."

खोलीच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक उंच, हाडकुळी म्हातारी बसली होती. पांढरी साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस. समोर सुपात सुकट होती, ती निवडत होती. तिने मान वर केली. बराच वेळ पाहिलं.

"काय गं," ती म्हणाली, "बटाटे सोलून झाले?"

आमच्या सिस्टर पायरीशीच थांबल्या. आत्याने स्टूल आणून दिलं, त्यावर त्या बसल्या. मग उर्सुलाच बोलल्या. "इतकी वर्षं पेशंट पाठवत होते. एक चिठ्ठी तरी?"

"तू तरी कुठे लिहिलीस?"

"मी गाठी पाठवत होते."

"कळत होत्या मला."

"मलाही कळत होत्या. तू मारलेली गाठ परत यायची ना. तुझी नेहमी सैल असते." उर्सुला सुपातली काडी बाजूला टाकत म्हणाल्या. "त्या दिवशी खिडकीत तूच होतीस ना?"

"हो."

"मला वाटलं होतं, हाक मारशील."

"मौन होतं."

"माझंही होतं," उर्सुला म्हणाल्या. "नाहीतर मीच मारली असती."

आत्या माझ्याकडे पाहत होती, तिला यातलं काही उमगत नव्हतं. मी तिला खुणेनेच थांबवलं. मग सिस्टरांनी पुस्तकाचं सांगितलं. नाव घालायचं आहे, तुझी परवानगी हवी.

"काय लिहिणार?"

"खरं ते."

"मग पळाली असं लिहू नका," उर्सुला माझ्याकडे वळून म्हणाल्या. "गावात कुणीतरी तसं बोललं होतं. मी पळाले नाही. दार उघडून चालत गेले. दार मागे नीट लोटून घेतलं होतं."

"लोटलं होतंस," सिस्टर म्हणाल्या. "कडी आतून होती. ती मी लावली. तू फाटकाबाहेर जायच्या आत लावली. तू मागे वळून आली असतीस तर दार बंद होतं. चाळीस वर्षं मी हे पापनिवेदनात सांगत आलेय. फादर म्हणतात, यात पाप नाही. मला पटत नाही."

उर्सुलांनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्या दारातून कुत्री आत येतात."

आमच्या सिस्टर रडू लागल्या, आणि रडता रडताच हसू लागल्या. तेव्हा आत्याला काय वाटलं कोण जाणे, ती उठून चहा ठेवायला गेली. परत निघताना उर्सुलांनी सिस्टरांचा डावा गुडघा दाबून पाहिला. "तेल गरम करून लाव आणि जिना चढू नकोस," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी येताना मला पपई आण. तुमच्या अंगणातली अजून तशीच आहे का?" अंगणात पपई आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल? कुठलातरी पेशंटच, दुसरं कोण.

मी ते पान पुन्हा लिहिलं. 'चालत गेल्या' असंच लिहिलं. सुपिरियरनी ते तीनदा वाचलं, स्वतःची एक चिठ्ठी जोडली आणि पाकीट पाठवून दिलं. चिठ्ठीत काय होतं ते कुणाला कळलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. भिवंडीचं पान मी उभ्यानेच उघडलं. लोणचं नव्हतं, उंदीर नव्हते, चिमटे नव्हते. तिथे होतं, 'या घरात दवाखान्याचे कार्य सुरू करण्यात आले.' मी नववीला व्याकरणातला कर्मणी प्रयोग शिकवत होते. काम केलं कुणी हे वाक्यातून नाहीसं करायचं तर मराठीत यासारखी सोय नाही.

मला वाटलं, आता सिस्टर ओरडतील आणि पलीकडचे शेटजीसुद्धा ऐकतील. त्यांनी ते वाक्य वाचलं. पुस्तक मिटून देवाच्या तसबिरीखाली ठेवलं आणि अंगणात निघून गेल्या. मी मागोमाग गेले. "तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मी आज्ञाधारकपणाचं व्रत घेतलंय, टीचर. सोपं असतं तर व्रत कशाला घ्यावं लागलं असतं?" त्या पपईच्या बुंध्याशी पाणी घालत राहिल्या.

त्यानंतर आठवड्याभराने घराच्या सणाचा दिवस होता. ज्या संताच्या नावाने मठ आहे, त्याचा सण. त्या दिवशी मोठं जेवण असतं, फादर येतात, एखाद-दुसरा पाहुणा असतो. मलाही बोलावलं होतं. आदल्या दिवशी सुपिरियर स्वयंपाकघरात आल्या. त्या सहसा तिथे यायच्या नाहीत.

"सिस्टर, पुस्तक प्रांताचे आहे," त्या त्यांच्या छापील मराठीत म्हणाल्या. "जेवणाचे टेबल या घराचे आहे. उद्या पूर्ण्याच्या बाईंना बोलवावे असे मला वाटते. गाडीची व्यवस्था मी केली आहे."

सिस्टरांच्या हातातली पळी तशीच राहिली. सुपिरियर त्यांच्याकडे पाहून हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उर्सुला आत्याचा हात धरून आल्या. मागच्या दाराने नाही, पुढच्याच. मिस्सा झाली. मग सगळ्या जेवणाच्या खोलीत आल्या. टेबलाशी बसण्याची त्यांची एक रीत आहे. सुपिरियरच्या उजव्या हाताला सगळ्यांत आधी व्रत घेतलेली सिस्टर, तिच्यानंतरची पुढे, अशी ओळ शेवटी सगळ्यांत धाकटीपर्यंत जाते. पाहुणे टोकाला. उर्सुला पाहुण्यांच्या टोकाकडे, माझ्या आणि आत्याच्या शेजारी निघाल्या.

"तिथे कुठे?" आमच्या सिस्टर म्हणाल्या. त्या आपल्या खुर्चीतून उठल्या, आपली ताट-वाटी उचलली आणि एक जागा खाली सरकल्या. "तू माझ्या एक वर्ष आधीची."

मुख्याध्यापिका क्षणभर थांबल्या, मग त्याही सरकल्या. तरुण सिस्टरला जागाच उरली नाही, ती हसत माझ्या बाकावर येऊन बसली. सुपिरियरनी स्वतः मोकळी झालेली खुर्ची ओढून धरली. फादर नवीनच बदलून आलेले होते. त्यांनी विचारलं, "या कोण?"

"या सिस्टर उर्सुला," सुपिरियर म्हणाल्या. "या घराचा दवाखाना यांनी सुरू केला."

जेवणाआधीची प्रार्थना झाली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, सुपिरियरनी भाताचा डाव हातात घेतला, पण दोघी म्हाताऱ्या थांबल्या नाहीत. जुन्या प्रार्थनेला आणखी एक कडवं होतं. जे आज टेबलाशी नाहीत त्यांच्यासाठी. दोघी डोळे मिटून ते म्हणत होत्या, एकमेकींकडे न पाहता, एका सुरात. सुपिरियरनी डाव परत ठेवला आणि वाट पाहिली.

"हे आता म्हणत नाही का तुम्ही?" उर्सुलांनी डोळे उघडून विचारलं. "मी तर पूर्ण्यात रोज म्हणते."

"पंचवीस वर्षांपूर्वी काढून टाकलं," सिस्टर म्हणाल्या. "लांबतं म्हणून. मी मनात म्हणते."

"आम्हाला ऐकू येते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

"टीचर, तुमच्याकडे कागद आहे?" सुपिरियरनी विचारलं. "लिहून घ्या. उद्यापासून म्हणू."

मी पर्समधून कागद काढला. दोघी सांगू लागल्या, मी लिहू लागले, आणि तिसऱ्याच ओळीला त्यांचं भांडण लागलं. आमच्या सिस्टर म्हणाल्या, तिथे शब्द 'दूर गेलेल्यांना' असा आहे. उर्सुला म्हणाल्या, मुळीच नाही, 'दूर असलेल्यांना' असा आहे. भात निवत होता. फादर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. मी पेन वर धरून थांबले.

"या घरात," सुपिरियर म्हणाल्या, "ज्येष्ठ सिस्टर सांगतात ते लिहायचे असते."

मी 'असलेल्यांना' लिहिलं.